जुनी गाडी तापतेय? आधी सांगा, कधी तापते

मार्च लागला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "गाडी गरम होतेय रे, रेडिएटर बदलून टाकू का?" गाडी बहुतेक पंधरा वर्षांपुढची असते, आरटीओत फेरनोंदणी करून आणि ग्रीन टॅक्स भरून आणखी पाच वर्षं पदरात पाडून घेतलेली. मी उलट विचारतो, गरम होते कुठे? सिग्नलला की घाटात? सकाळी निघाल्या निघाल्या की तासाभराने? उत्तर ठरलेलं: "अरे, होते कुठेही."

कुठेही होत नाही. प्रत्येक बिघाडाची तापायची वेळ आणि जागा वेगळी असते. ती नीट सांगितली, तर मिस्त्रीचं निम्मं काम तिथेच होतं. नाही सांगितली, तर आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, मग रेडिएटर अशी एकेक वस्तू बदलत जाते आणि तापमानाचा काटा पुन्हा वरच. एक गाडी वारंवार तापते आणि दर वेळी नवा पार्ट पडतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आधी थोडक्यात यंत्रणा. वॉटर पंप कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनातून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप, बंद असतो. साधारण 82 ते 88 अंशांना (गाडीगणिक फरक) तो उघडायला लागतो, गरम कूलंट वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, जाळीतून जाताना थंड होतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात जातं. गाडी वेगात असेल तर वारा जाळी थंड करतो, उभी असेल तर पंखा. आणि सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचं झाकण. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. 0.9 किलो दाब धरणारं झाकण तेच पाणी 118 अंशांच्या आसपासपर्यंत उकळू देत नाही, आणि कूलंट योग्य प्रमाणात असेल तर त्याच्याही पुढे. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा आधार गेला. बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी उकळते.

सिग्नलला तापते, मोकळ्या रस्त्यावर उतरते

संध्याकाळी कर्वे रोडला काटा चढायला लागतो, चांदणी चौक ओलांडून हायवेला लागलात की पाच मिनिटांत आपला आपण खाली. इथे रेडिएटरवर संशय घ्यायचं कारण नाही. वारा मिळाला की तो काम करतोय, मिळाला नाही की करत नाही. म्हणजे पंखा.

एसी बंद ठेवून, गाडी न्यूट्रलला उभी करून इंजिन चालू ठेवा. काटा नेहमीच्या जागेवर येईल, किंचित वर सरकेल, आणि पंख्याची घरघर ऐकू यायला हवी. काटा वर जात राहिला आणि पंखा गप्पच, तर आता एसी लावा. एसीबरोबर पंखा फिरला, तर मोटर बरी आहे आणि दोष तापमान कळवणाऱ्या स्विचचा किंवा त्याच्या वायरिंगचा. दोन पंखे असतील तर नेमका रेडिएटरचा फिरतोय ना, ते बघा. एसीचा वेगळा असू शकतो. एसीलाही हलला नाही, तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने. कार्बन झिजलेली मोटर फसवते: गॅरेजमध्ये फिरते, उन्हात तापल्यावर अडकते. हे बघताना हात आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असलं तरी पंखा अचानक सुरू होतो.

पंखा फिरतोय म्हणजे काम करतोय, असंही नाही. माझ्या मावसभावाच्या सँट्रोला हाच त्रास होता. पंख्याची मोटर नवीन, थर्मोस्टॅट नवीन, कूलंट नवीन, आणि तरी सिग्नलला काटा वर. उलट आता हायवेलाही थोडी तापायला लागली होती. मी पंखा सुरू असताना वर्तमानपत्राचा एक कागद पुढच्या जाळीवर धरला. पंखा वारा आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटून बसायला हवा. हा कागद फडफडत माझ्या अंगावर आला. मोटर बसवताना दोन वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. डीसी मोटर, वायरी उलटल्या की पंखा उलटा फिरणार. उभ्या गाडीत इंजिनाची गरम हवा तो पुढे ढकलत होता आणि हायवेला समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होता. वायरींची अदलाबदल केली, प्रश्न मिटला. खर्च शून्य. मोटर बदलून गाडी घरी आणलीत की ही कागदाची परीक्षा घ्याच.

पंखा ठीक, दिशा ठीक, तरी सिग्नलला तापते? मग जाळी बघा. एसी असलेल्या गाडीत पुढे एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, आणि या दोघांच्या फटीत वर्षानुवर्षांचा कचरा. पुण्यातली धूळ, किडे आणि एप्रिलमध्ये उडणारा काटेसावरीचा कापूस मिळून तिथे अक्षरशः गोधडी तयार होते. समोरून टॉर्च मारली तर काही दिसत नाही, वरून फटीत डोकावावं लागतं. ती काढायची तर पाण्याची साधी धार, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर नाजूक पत्र्याची पाती आडवी होतात आणि होता तोही वारा बंद.

अशा वेळी काही गॅरेजवाले पंखा चावीला डायरेक्ट जोडून देतात. चावी फिरवली की पंखा चालू, कायमचा. रात्री रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं हे चालेल. पण कायम तसंच ठेवलं तर मोटर लवकर झिजते, आणि मूळ दोष कुठे आहे हे कळायची वाटच बंद होते.

घाटात किंवा हायवेला तापते

गावात दिवसभर फिरा, काही नाही. जुना कात्रज घाट, दिवे घाट किंवा साताऱ्याला जाताना खंबाटकी लागला की काटा सरकायला सुरुवात. इथे उष्णता जास्त तयार होते आणि ती बाहेर टाकायची ताकद कमी पडते. पहिला संशय रेडिएटर आतून चोंदल्याचा.

याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. शहराच्या कडेच्या बऱ्याच सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत चढतो. "थोडं पाणी कमी होतं, नळाचं टाकलं" असं दर पंधरा दिवसांनी होत असेल, तर दोन गोष्टी बिघडतात: थर वाढतो आणि कूलंट पातळ होत जातं. भर घालायची तर डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीसाठी कुठेही मिळतं, किंवा त्याच प्रकारचं तयार कूलंट. रंगावर जाऊ नका. हिरवं आणि लाल केवळ रंगाने वेगळी नसतात आणि सारखा रंग म्हणजे सारखं रसायन असंही नाही. आत काय आहे माहीत नसेल तर पूर्ण काढून, धुऊन, नव्याने भरणं बरं.

जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तो उघडून सळया घालून साफ करता येतो, टाके मारता येतात. हे काम करणारे कारागीर अजून आहेत. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असेल तर साफसफाईचे पैसे वाचवून नवाच बसवा. त्या प्लॅस्टिकच्या टाकीला जोडावर बारीक तडा जातो, आणि तो दाब आल्यावरच गळतो, थंड असताना कोरडा ठणठणीत दिसतो.

रेडिएटर बरा निघाला तर खालचा पाइप बघा. एखाद्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि बोनेट उघडून पाइपाकडे लक्ष ठेवा. जुनं मऊ पडलेलं रबर पंपाच्या ओढीने आत चपटं होतं आणि कूलंटची वाट तिथेच अडते. न्यूट्रलला मंद चालू असताना हे कधीच दिसत नाही. वॉटर पंपाची पाती गंजून झिजली असतील तरीही लक्षणं अशीच.

आणि एक वेगळीच शक्यता, जी कुणी तपासत नाही. ब्रेक धरून राहिलेला असतो किंवा क्लच घसरत असतो. इंजिन दुप्पट कष्ट करतं आणि दोष कूलिंगवर येतो. थोडं अंतर चालवून, शक्यतो ब्रेक न लावता गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक भाजत असेल तर मिस्त्रीला बोनेट उघडायच्या आधी ते चाक उघडायला सांगा.

निघाल्यावर काही मिनिटांतच तापते

सोसायटीतून निघालात आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये काटा वर. इतक्या लवकर चोंदलेला रेडिएटरही गाडी तापवत नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा आत कूलंटच नाही, किंवा हवा अडकलीय. वरच्या पाइपाला हलकेच हात लावा. इंजिन तापलंय आणि वरचा पाइप थंडगार, म्हणजे दरवाजा उघडलेलाच नाही.

थर्मोस्टॅट काढल्यावर तो तपासायला गॅरेज लागत नाही. जुन्या पातेल्यात (चहाचं नको) पाण्यात दोऱ्याने टांगता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवत न्या. उकळी फुटायच्या बरंच आधी तो उघडताना डोळ्यांनी दिसायला हवा, आणि पाणी निवताना परत मिटायला हवा. त्यावर उघडायचं तापमान छापलेलं असतं. पाणी खळखळतंय आणि हा ढिम्म, तर त्याचं आयुष्य संपलं.

आता तो प्रसिद्ध संवाद. "मॅडम, थर्मोस्टॅट काढूनच टाकतो. आपल्याकडे काय बर्फ पडतो का?" नाही पडत. पण थर्मोस्टॅट बर्फासाठी नसतो, इंजिन ठरलेल्या तापमानाला ठेवण्यासाठी असतो. तो काढला की इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, तेलातला ओलावा उडून जात नाही. काही इंजिनांत तर रेडिएटर टाळून जाणारी छोटी वाट थर्मोस्टॅटच बंद करतो. तो नसला की निम्मं कूलंट रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहतं आणि घाटात गाडी आणखी तापते. नवा थर्मोस्टॅट जुन्या गाड्यांसाठी काही फार महाग नसतो. मागून घ्या, समोर बसवून घ्या.

कूलंट बदलल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल तर एअर लॉक समजा. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवून, इंजिन थंड असताना झाकण उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, भर घालत राहा. थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबले की झाकण लावा. हे काम घाईचं नाही. गॅरेजमध्ये घाईच होते.

कूलंट जातं कुठे?

बंद यंत्रणा आहे. कूलंट कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय, "उन्हाने आटलं" हे उत्तर नव्हे. सकाळी गाडी काढल्यावर पार्किंगची फरशी बघा. एसीचं पाणी साधं असतं. कूलंट बोटाला चिकट-बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि ते विषारी आहे, तेव्हा धुऊन टाका. ड्रायव्हरशेजारचं पायपुसणं ओलं आणि काचेवर आतून तेलकट धुकं, तर हीटरची जाळी गळतेय. रिझर्व्ह बाटली (रेडिएटरला जोडलेली कूलंटची जादा बाटली) काठोकाठ आणि रेडिएटर मात्र रिकामा, गाडी निवाल्यावर वरचा पाइप आत चपटा, तर झाकणातली उलटी झडप अडकलीय आणि बाटलीतलं कूलंट परत ओढलं जात नाहीये.

सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर एक जागा खास तुमच्यासाठी. गॅस दाबातून सुटताना खूप थंड होतो, म्हणून गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरला गरम कूलंट लागतं आणि ते हीटरच्या पाइपातून टी-जोड मारून घेतलेलं असतं. चार जादा जोड, चार जादा क्लिपा. गळती शोधताना मिस्त्री रेडिएटरभोवती फिरत राहतो आणि गळतं मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा).

बाहेर कुठेच गळत नाही आणि तरी कमी होतं, तेव्हा हेड पॅकिंगचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा, विचार करावा लागतो. सुरू करताना मागून बराच वेळ पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ-पिवळट चिकटा, रेडिएटर उघडा ठेवून इंजिन चालवलं तर न थांबणारे बुडबुडे, आणि सकाळी थंड असतानाच काही सेकंदांत दगडासारखा कडक झालेला वरचा पाइप. यातलं एकच दिसलं तर घाबरू नका; छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही पावसाळ्यात झाकणाखाली थोडा चिकटा येतो. दोन-तीन एकत्र दिसली तर गाडी चालवणं बंद. हेड उतरवलं की ते सपाट आहे का हे पट्टी लावून बघायला सांगा आणि गरज पडली तर फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्या. वाकडं झालेलं हेड नव्या पॅकिंगवर तसंच कसलं, तर काही महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच.

चालवताना

जुन्या गाडीत एक चैन असते, तापमानाचा खरा काटा. नव्या बऱ्याच गाड्यांत फक्त दिवा असतो आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या गाडीचा काटा रोज नेमका कुठे थांबतो, हे माहीत हवं. आरशात बघतो तितक्या सहज त्याच्याकडेही बघायची सवय लागली की एका काडीचा फरकही खटकतो. ॲल्युमिनियमचं हेड पटकन वाकतं, आणि काटा लाल पट्ट्यात असताना "घर आलंच" म्हणत काढलेलं अंतर सगळ्यांत महाग पडतं.

वर चढलेला काटा अचानक पडून थंडवर आला तर हुश्श करू नका. कूलंट इतकं कमी झालंय की सेन्सर कोरडा पडलाय. तसंच, हीटर लावला आणि इंजिन तापलेलं असून थंड वारा आला, तर कूलंट फिरतच नाहीये. दोन्ही वेळा लगेच बाजूला घ्या.

घाटात चौथ्या गिअरला गाडी कुंथत नेणं हे पेट्रोल वाचवणं नव्हे. इंजिन मंद फिरतं, पंपही मंद, कष्ट मात्र पूर्ण. एक गिअर आधीच उतरवा, इंजिन मोकळं फिरू द्या. चढ सुरू व्हायच्या आधी एसी बंद करा, काटा चढल्यावर नव्हे. पुढच्या ट्रकच्या ढुंगणाला चिकटून चढलात तर जाळीला त्याची गरम हवा मिळते. चार गाड्यांचं अंतर सोडा, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. गर्दीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्यापेक्षा हॅन्डब्रेक. आणि लक्षात घ्या, मुंबईहून परत येताना खोपोली ते खंडाळा चढ आहे, जाताना उतार. जाताना गाडी शहाण्यासारखी वागली म्हणून येतानाची खात्री धरू नका.

तापलीच तर

काटा नेहमीच्या वर सरकतोय पण लाल झालेला नाही: एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. एप्रिलच्या दुपारी हे करताना जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. घाटात असाल तर पुढच्या रुंद जागी थांबा. पंखा फिरत असेल आणि काटा उतरत असेल तर इंजिन थोडा वेळ चालूच ठेवा; बंद केलं की पंपही थांबतो आणि आतली उष्णता तिथेच कोंडते.

काटा लाल पट्ट्यात किंवा बोनेटमधून वाफ: इंजिन लगेच बंद. डावीकडे पूर्ण बाहेर, हॅझर्ड लाइट, मागे त्रिकोण, आणि हायवेला असाल तर माणसं गाडीतून उतरून रेलिंगच्या पलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर 1033 वर फोन करता येतो. बोनेट वाफ ओसरल्यावरच उघडा. रेडिएटरच्या झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, फडकं घेऊनही नाही. आतलं पाणी शंभरीच्या वर असतं आणि दाब सुटताच चेहऱ्यावर येतं. वरचा पाइप दाबून मऊ लागला, हाताला सोसवला, मग झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. जमणारी मंडळी "ओता पाणी वरून" म्हणतील. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला तडा जाऊ शकतो. निवाल्यावर, इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं.

डिकीत दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर, एक जादा पाइपक्लिप, स्क्रूड्रायव्हर, जाड हातमोजा आणि पंख्याच्या ॲम्पिअरचा फ्यूज, एवढं पुरतं.

गॅरेजला गाडी देताना "गरम होते" एवढं सांगू नका. कुठे, किती वेळाने, एसी चालू की बंद, पंखा ऐकू आला का, बाटली किती उतरली, हे कागदावर लिहून द्या. बदललेले जुने पार्ट परत मागा. दुरुस्तीनंतर बाटलीवर आजच्या पातळीची मार्करने रेघ मारा, आणि पुढचे काही आठवडे सकाळी थंड इंजिनावर ती बघा. रेघ जागेवर राहिली तर काम झालं. उतरली तर गाडी पुन्हा तापायची वाट न बघता त्याच मिस्त्रीकडे न्या.